विचार करावा, पण वेळेवर

गेल्या काही वर्षांत ओपीडीत एक इंग्रजी शब्द फार ऐकू येऊ लागला आहे. बारावीचा मुलगा सांगतो, ‘सर, मला ओव्हरथिंकिंगचा त्रास आहे.’ बँकेत नोकरी करणारी तरुणी सांगते, ‘झोप लागत नाही, डोकं थांबतच नाही.’ पन्नाशीचे गृहस्थ स्वतः काही बोलत नाहीत, पण सोबत आलेली पत्नी सांगते, ‘हे फार विचार करतात हो, डॉक्टर.’ शब्द नवा असला तरी दुखणे जुनेच आहे. ‘मन चिंती ते वैरीही न चिंती’ ही म्हण आपल्याकडे कधीपासूनची आहे.

या तक्रारीवर आपल्या समाजात ठरलेले उत्तर मिळते: ‘इतका विचार करू नकोस.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्याचा उपयोग शून्य. विचार करू नको म्हटल्याने कोणाचा विचार थांबल्याचे मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेले नाही. शिवाय हा सल्ला अर्धाच खरा आहे. माणसाचे नुकसान विचारांच्या संख्येने फारसे होत नाही. विचार चुकीच्या वेळी आला, किंवा एकाच जागी गोल फिरत राहिला, की नुकसान होते. हा फरक समजला तर परीक्षा, खेळ, घरातले निर्णय आणि दवाखान्यातले निर्णय, या सगळ्यांत त्याचा उपयोग होईल, असे माझे मत आहे.

हाताला येणारे काम डोक्याकडे गेले की

भाकरी थापणाऱ्या बाईचे हात पाहा. पीठ किती मळायचे, परात किती फिरवायची, तव्यावर पाण्याचा हात कधी फिरवायचा, हे ती ठरवत बसत नाही. तिला मध्येच थांबवून ‘आत्ता डाव्या हाताने नेमके काय केलेस?’ असे विचारत राहा. भाकरी चिरण्याची शक्यता बरीच आहे. सायकल, पोहणे, तबला, टायपिंग, नस शोधून सुई लावणे, सगळ्यांचे असेच आहे. शिकताना प्रत्येक पायरी लक्ष देऊन करावी लागते. सराव झाला की ते काम कपाळामागच्या, विचार करणाऱ्या भागाकडून (प्रीफ्रंटल कॉर्टेक्स) बरेचसे सुटते आणि लहान मेंदू, बेसल गँग्लिया असे मेंदूतले इतर भाग ते सांभाळू लागतात. काम वेगाने, सहज आणि कमी श्रमात होते.

दडपण आले की माणूस नेमके उलटे करतो. ‘आज चुकता कामा नये’ म्हणून तो सवयीचे काम पुन्हा लक्ष देऊन, पायरी-पायरीने करू लागतो. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फवर केलेले प्रयोग या विषयात प्रसिद्ध आहेत. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नवशिक्यांना आणि तरबेज खेळाडूंना कधी अचूकतेकडे लक्ष देऊन, तर कधी झटपट चेंडू मारायला सांगितले. नवशिक्यांना सावकाश, लक्ष देऊन खेळल्याचा फायदा झाला. तरबेज खेळाडू मात्र झटपट खेळताना अधिक चांगले खेळले. म्हणजे एकच सल्ला दोघांना लागू पडत नाही. शिकणाऱ्याने विचार केलाच पाहिजे. ज्याला येते, त्याने ऐनवेळी स्वतःच्या हातावर पहारा ठेवू नये.

यात धोकाही असू शकतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 27 जुलै 2021 रोजी अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने व्हॉल्टवर अडीच पिळांची उडी ठरवली होती, ती हवेत दीडच पिळांवर सुटली. आपण हवेत कुठे आहोत याचे भानच हरपणे, याला जिम्नॅस्ट ‘ट्विस्टीज’ म्हणतात. असे झाले आणि खेळाडू मानेवर पडला तर पाठीच्या कण्याला कायमची इजा होऊ शकते. बाइल्सने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. ‘पळपुटी’ म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. तिने त्याच स्पर्धेत पुढे बॅलन्स बीमवर कांस्यपदक मिळवले आणि 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्ण व एक रौप्यपदक. मनाचा तोल गेल्याचे वेळीच ओळखून थांबणे हाही एक निर्णयच असतो, आणि तो तिने अचूक घेतला होता.

थोडे टेन्शन हवेच

दडपण नेहमी वाईट असते असेही नाही. 1908 मध्ये रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. दोन पेट्यांपैकी योग्य पेटी ओळखायची, चुकल्यास विजेचा सौम्य ते तीव्र झटका. पेट्यांमधला फरक ठळक होता तेव्हा झटका जितका तीव्र, तितके उंदीर लवकर शिकले. फरक ओळखणे अवघड झाले तेव्हा मात्र मध्यम झटकाच सर्वांत उपयोगी ठरला. तीव्र झटक्याने उंदीर गोंधळले.

उंदरांवरून माणसाचे सगळे ठरवता येत नाही. तरीही यातला मुद्दा रोजच्या अनुभवाशी जुळतो. ओझे उचलणे, धावत गाडी पकडणे अशा सोप्या, दमाच्या कामांना जोराचे दडपणही चालते. गणित सोडवणे, निदान करणे, वाद मिटवणे अशा गुंतागुंतीच्या कामांना दडपण बेताचेच हवे. आपण नेमके याच कामांवर सर्वांत जास्त दडपण टाकतो.

परीक्षेची पाटी

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचेच पाहा. 2025 मध्ये परीक्षेत 180 प्रश्न आणि 180 मिनिटे असे स्वरूप होते. म्हणजे प्रश्नामागे एक मिनिट. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक गुण वजा. एकूण 720 गुण आणि काही गुणांच्या फरकाने शासकीय महाविद्यालय हुकण्याची भीती. अतिविचाराला यापेक्षा सुपीक जमीन कोणती?

एखादी आकडेमोड करताना, प्रश्न वाचून पर्याय ताडताना आपण जी माहिती क्षणभर डोक्यात धरून ठेवतो, तिला ‘वर्किंग मेमरी’ म्हणतात. ही मेंदूची पाटी समजा. पाटी लहानच असते, हुशार मुलाचीही. ‘आई-बाबांनी शिकवणीला इतके पैसे भरले’, ‘शेजारच्या रांगेतला पान उलटतोय’, ‘मागच्या वर्षीसारखेच झाले तर?’ ही वाक्ये त्याच पाटीवर लिहिली जातात आणि भौतिकशास्त्राच्या गणिताला जागा उरत नाही. मुलगा बाहेर येऊन सांगतो, ‘येत होतं, पण तिथे सुचलंच नाही.’ पालकांना ही सबब वाटते, पण बहुतेक वेळा ते खरे असते.

यावर घरोघरी एक उपाय सांगितला जातो: ‘पहिलं मनात आलेलं उत्तर बदलू नकोस.’ हे मात्र तपासून पाहिले गेले आहे. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या एका विद्यापीठातील दीड हजारांहून अधिक उत्तरपत्रिकांवरच्या खाडाखोडी मोजल्या होत्या. बदललेल्या उत्तरांपैकी सुमारे निम्मी चुकीची बरोबर झाली होती, आणि बरोबरची चूक झालेली उत्तरे सुमारे एक चतुर्थांश होती. म्हणजे बदलल्याने फायदा दुप्पट वेळा झाला. तरीही लोकांचा समज उलटा का? हातचे बरोबर उत्तर खोडल्याची हळहळ वर्षानुवर्षे लक्षात राहते. वेळीच सुधारलेली चूक मात्र कोणी आठवत नाही.

तेव्हा मुलांना ‘बदलू नकोस’ सांगण्यापेक्षा ‘कधी बदलायचं’ हे सांगायला हवे. प्रश्न वाचताना ‘नाही’ हा शब्द निसटला होता, सूत्र आता आठवले, आकडेमोडीतली चूक दिसली, असे ठोस कारण असेल तर उत्तर जरूर बदलावे. नुसती धाकधूक हे कारण धरू नये. यासाठी ओएमआर शीटवरचा गोल रंगवण्याआधी विचार पूर्ण व्हायला हवा, कारण तिथे खाडाखोडीची सोय नाही. पहिल्या फेरीत हमखास येणारे सोडवावेत, अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जावे, दुसऱ्या फेरीत परत यावे. किती वेळ अडकून राहायचे याची मर्यादा घरी, सराव परीक्षेतच ठरवावी. परीक्षागृहात फक्त ती पाळायची.

बायलॉक आणि जेरार्डो रामिरेझ यांनी 2011 मध्ये आणखी एक साधा उपाय मांडला. परीक्षेआधी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर लिहून काढलेल्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली. प्रत्येकाला हा उपाय सारखाच लागू पडेल असे नाही, पण एक कागद आणि दहा मिनिटे एवढाच त्याचा खर्च आहे. सराव परीक्षेच्या दिवशी करून पाहायला हरकत नाही.

पालकांना मात्र माझे स्पष्ट सांगणे आहे. परीक्षा केंद्राच्या दारात उभे राहून ‘आता सगळं तुझ्यावर आहे’ म्हणणे म्हणजे मुलाच्या पाटीवर आपल्या हाताने रेघोट्या मारणे आहे. त्या सकाळी त्याला पाण्याची बाटली आणि प्रवेशपत्र द्या. उपदेशाची वेळ टळून गेलेली असते.

‘थांबा, मुंबईच्या काकांना विचारतो’

आता माझ्या रोजच्या कामाकडे येतो. शासकीय रुग्णालयात निर्णय लांबताना मी सतत पाहतो. छातीत कळ आलेला रुग्ण येतो, ईसीजीवर हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसतो, रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध तयार असते. संमतिपत्र समोर ठेवले की नातेवाईक म्हणतात, ‘साहेब, थोडं थांबा, मुंबईच्या काकांना विचारतो.’ काका फोन उचलत नाहीत. मग मेहुणे, मग गावचे सरपंच, मग मोबाइलवर शोध. औषधाने मूत्रपिंड जाते का, इंजेक्शनने रक्तस्राव होतो का? शंका अगदीच निराधार नसतात. रक्तस्रावाचा धोका असतोच, म्हणून तर संमती घेतली जाते. पण या अर्ध्या तासात हृदयाचा स्नायू मरत असतो.

पक्षाघाताचे गणित आणखी कठोर आहे. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली की दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज 2006 मध्ये मांडला गेला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसेल तर. चेहरा वाकडा झाला, हातातले बळ गेले, बोलणे अडखळले, की ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ असा विचार करायला जागाच नसते. 108 ला फोन करायचा. निर्णय न घेणे हाही अशा वेळी निर्णयच असतो, आणि बहुधा सर्वांत वाईट.

दोष नातेवाइकांना देऊन मी मोकळा होणार नाही. निर्णय चुकला तर गाव, भावकी आयुष्यभर बोल लावेल ही भीती त्यांना असते. जबाबदारी दहा जणांत वाटली गेली की दोष एकावर येत नाही. ही भीती कमी करणे हे आम्हा डॉक्टरांचे काम आहे. दहा शक्यता एका दमात सांगून ‘तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणणे कायद्याला पुरेसे असेल, माणसाला नाही. ‘माझ्या मते हे करा, याचा फायदा हा, धोका हा, आणि आपल्याकडे इतकी मिनिटं आहेत’ असे सांगितले की घाबरलेला माणूसही निर्णय घेऊ शकतो.

घाई नसलेल्या निर्णयांचा नियम वेगळा. गुडघ्याची शस्त्रक्रिया, मोतीबिंदू, हर्निया, गर्भाशय काढण्याचा सल्ला, यांत दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, अवश्य घ्यावे. गर्भाशयाच्या बाबतीत तर मी आग्रहाने सांगतो. पण दुसरे मत आणि सातवे मत यांत फरक आहे. सातव्या मतापर्यंत माहिती वाढत नाही, फक्त गोंधळ वाढतो. अर्थशास्त्राचे 1978 चे नोबेल मिळवणारे हर्बर्ट सायमन यांनी दाखवून दिले की माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसला तर शोध संपतच नाही. आपल्या गरजा आधी ठरवाव्यात आणि त्यांत बसणारा, पुरेसा चांगला पर्याय मिळाला की थांबावे. मोबाइल घेताना, घर भाड्याने घेताना, मुलांची शाळा ठरवतानाही हे लागू आहे.

मग झटपटच ठरवावे का?

नाही. ‘मनाचा कौल’ डोळे झाकून मानावा, असे म्हणणारी पुस्तके बाजारात भरपूर आहेत. मला ते धोक्याचे वाटते. घाईने ठरवण्याचे परिणाम रुग्णालयाइतके जवळून क्वचितच कुठे दिसतात. पहिल्या मिनिटात सुचलेल्या निदानाला चिकटून राहणे हा वैद्यकातला ओळखलेला दोष आहे. छातीत जळजळ म्हणजे पित्त, असे गृहीत धरून हृदयविकार निसटतो. अंतःप्रेरणा विश्वासार्ह ठरते ती दीर्घ सराव असलेल्या आणि चूक लगेच कळणाऱ्या कामात. शेअर बाजारात पहिल्यांदा पैसे गुंतवणाऱ्याचा ‘मनाचा कौल’ हा बहुधा लोभाचा कौल असतो.

अतिविचार आणि अविचार, दोन्हींवर मला एकच उपाय पटतो: विचार आधी करून ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची यादी तयार केली. रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, ॲलर्जी आहे का, अँटिबायोटिक दिले का, गॉज मोजले का? नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आणि मोठ्या गुंतागुंतीचे प्रमाण 11 वरून 7 टक्क्यांवर आले. या प्रयत्नामागचे एक प्रमुख नाव शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांचे. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले. यादी कागदावर खुणा करण्यापुरती वापरली तर मात्र जादू होत नाही. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात ती सर्वत्र सक्तीची केल्यावर तसा लक्षणीय फरक आढळला नाही.

यादीमागचे सूत्र घरीही वापरता येते. शांतपणे बसून ठरवलेल्या चार गोष्टी लिहून ठेवल्या की ऐनवेळी डोके मोकळे राहते. घरातल्या वृद्धांची औषधे, रक्तगट, जवळचे रुग्णालय आणि ‘तातडीच्या वेळी सही कोण करणार’ हे आजच कागदावर लिहून फ्रिजवर लावा. रात्री दोन वाजता काकांना फोन करावा लागणार नाही.

गोल फिरणारे विचार

राहिला तो विचार, जो कुठेच पोहोचत नाही. ‘मी असं का बोललो’, ‘माझ्याच वाट्याला का’ अशा प्रश्नांना उत्तर नसते, म्हणून ते संपत नाहीत. मानसशास्त्रज्ञ सुसान नोलन-होक्सेमा यांनी या रवंथ करण्याच्या सवयीवर आयुष्यभर काम केले. 1989 मध्ये कॅलिफोर्नियात भूकंप झाला, त्याच्या काही दिवस आधीच त्यांनी विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची माहिती घेतली होती. दुःख उगाळत राहण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, त्यांच्यात भूकंपानंतर नैराश्याची लक्षणे अधिक दिसली.

स्वतःची परीक्षा घ्यायला एक प्रश्न पुरतो: गेल्या अर्ध्या तासाच्या विचारातून करण्यासारखे एखादे काम निघाले का? निघाले असेल तर ते लिहा आणि कधी करणार तेही लिहा. निघाले नसेल तर तो विचार म्हणजे जागच्या जागी फिरणारे चाक समजा आणि उठा. चाला, भांडी घासा, कोणाशी तरी बोला. रात्री अंथरुणात आयुष्याचे निर्णय घेऊ नका. अपुऱ्या झोपेने सकाळी डोके आणखी चालत नाही आणि ते चक्र वाढतच जाते. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफीही कमी करा.

एक इशारा आमच्या व्यवसायालाही. ‘ओव्हरथिंकिंग आहे’ म्हणून कोणाची, विशेषतः बायकांची, तक्रार न तपासता परत पाठवू नये. धडधड, अस्वस्थता, निद्रानाश यांमागे वाढलेले थायरॉइड असू शकते, रक्तक्षय असू शकतो. आधी नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, गरज असेल तर थायरॉइडची तपासणी. मगच मनाकडे यावे.

आणि मनाकडे आल्यावर लाज बाळगू नये. विचारांमुळे दोन आठवडे झोप, भूक किंवा काम बिघडले असेल, कुलूप पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय घराबाहेर पडता येत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले असेल, तर तो स्वभावदोष धरू नये. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचार आणि गरजेनुसार औषधे, दोन्हींचा उपयोग होतो. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. केसपेपर तिथेही तेवढ्याच पैशांत निघतो.

मुलांना आपण पाढे शिकवतो, पोहायला शिकवतो. कोणता विचार आधी करायचा, कोणता ऐनवेळी बाजूला ठेवायचा आणि कोणता डॉक्टरांना सांगायचा, हे मात्र कोणी शिकवत नाही. शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातला एक तास यासाठी काढला, तर आमच्या ओपीडीतली रांग थोडी तरी कमी होईल.